‘अजून दोन वर्षं काढेल’: मंदीत फ्रिजच्या कारखान्यातली नोकरी कशी जाते

आमच्या सोसायटीत फ्रिज दुरुस्त करायला एक काका येतात. फ्रिजच्या मागे वाकून, कंप्रेसरवर हात ठेवून दोन मिनिटं ऐकतात आणि मग ठरलेलं वाक्य टाकतात, “गॅस भरून देतो वहिनी, दाराचं रबर बदलतो, अजून दोन वर्षं काढेल.” दिवस बरे असले की वहिनी म्हणतात, “राहू द्या काका, दिवाळीला नवीनच घेतोय.” दिवस बरे नसले, घरात कुणाचा बोनस बुडालेला असला, की तेच वाक्य देवासारखं धावून येतं. गॅस भरला जातो आणि फ्रिज पुन्हा गुरगुरायला लागतो.

मंदी आली की ‘पाच हजार नोकऱ्यांवर कुऱ्हाड’ अशा बातम्या आपण वाचतो. फ्रिज, वॉशिंग मशीन, एसी बनवणाऱ्या कंपन्यांच्या बाबतीत ती कुऱ्हाड कुठे परजली जाते, हे बघायचं तर सुरुवात या गॅस भरण्यापासूनच करावी लागते. आणि धागा धरून शेवटपर्यंत गेलं की एक भलतीच गोष्ट हाती लागते. मंदीत गेलेल्या सगळ्याच नोकऱ्या मंदीने खाल्लेल्या नसतात. काहींचं मरण आधीच ठरलेलं असतं, मंदी फक्त मुहूर्त काढून देते.

हजार घरं, हजार फ्रिज

समजा, एका गावात हजार घरं आहेत आणि घरटी एक फ्रिज. फ्रिज दहा वर्षं चालतो असं धरलं, तर वर्षाला शंभर घरं जुना काढून नवा घेणार. त्याशिवाय नवी लग्नं, नवे फ्लॅट यांचे तीस. वर्षाचा खप १३०. आता मंदी आली. शंभरातल्या निम्म्या घरांनी काकांचं ऐकलं आणि नवे फ्लॅट तीसवरून दहावर आले. म्हणजे खप ५० अधिक १०, एकूण ६०. गावात कुणाचं दूध नासलेलं नाही, हजारच्या हजार फ्रिज चालू आहेत, आणि तरीही फ्रिजचा धंदा निम्म्याच्या खाली गेलाय.

डाळ-तांदळाचं असं होत नाही. तूरडाळ महागली तर वरण पातळ होतं, पण आजची डाळ पुढच्या वर्षी खाऊ असं कुणी म्हणू शकत नाही. टिकाऊ वस्तूची खरेदी मात्र लांबवता येते, आणि वस्तू जितकी टिकाऊ तितकी जास्त लांबवता येते. चांगला फ्रिज बनवल्याचं बक्षीस कारखान्याला मंदीत असं मिळतं.

पुढचा हादरा दुकानदाराकडून येतो. त्याच्याकडे महिन्याला दहा फ्रिज खपतात आणि तो दोन महिन्यांचा माल, म्हणजे वीस फ्रिज, गोदामात ठेवतो असं धरा. खप आठवर आला. आता त्याला दोन महिन्यांसाठी सोळाच पुरतात, चार जास्तीचे पडून आहेत. या महिन्याचे आठ विकताना तो चार गोदामातले काढणार आणि कंपनीला चारचीच ऑर्डर देणार. गिऱ्हाईक कमी झालं वीस टक्क्यांनी, ऑर्डर कमी झाली साठ टक्क्यांनी. मग कारखाना हेच कंप्रेसर बनवणाऱ्याशी करतो, प्लास्टिकचे ट्रे ओतून देणाऱ्या छोट्या वर्कशॉपशी करतो. व्यवस्थापनाच्या वर्गात याला चाबकाची उपमा देतात: मुठीत जरासा झटका, टोकाला सपकारा. टोकाला जो असतो त्याचं नाव बातमीत कधी येत नाही.

२०२५ चा मे महिना आठवा. महाराष्ट्रभर अवकाळी कोसळला, २६ मे रोजी मोसमी पाऊस मुंबईत पोचला, आणि इतक्या लवकर तो तिथे पोचल्याची आधीची नोंद नव्हती. उन्हाळ्याच्या भरवशावर एसीने भरलेली गोदामं तशीच राहिली. ती मंदी नव्हती, नुसता पाऊस होता. पण गोदाम आधी रिकामं होणार आणि मग कारखान्याला फोन जाणार, हा क्रम तेव्हाही तोच होता.

नफ्यातली कंपनी माणसं का काढते?

आता खरं उदाहरण घेऊ. २००५ मध्ये अमेरिकेत सुमारे २० लाख ७० हजार घरांचं बांधकाम सुरू झालं होतं. २००९ मध्ये हा आकडा साडेपाच लाखांवर आला. तिथे शेगडी, ओव्हन, डिशवॉशर हे बरेचदा बिल्डरच बसवून देतो. त्यामुळे घर बांधायचं थांबलं की उपकरणांची एक अख्खी ऑर्डर नाहीशी होते. त्यातून घराच्या चढत्या किमतीवर कर्ज काढून स्वयंपाकघर नव्याने करायची चाल पडली होती, तीही बंद झाली. १५ सप्टेंबर २००८ ला लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतली बडी गुंतवणूक बँक बुडाली, आणि सहा आठवड्यांनी, २८ ऑक्टोबरला, व्हर्लपूलने जाहीर केलं की २००९ संपेपर्यंत जगभरात मिळून सुमारे ५,००० नोकऱ्या कमी करणार.

व्हर्लपूल म्हणजे मिशिगन सरोवराकाठच्या बेंटन हार्बरची कंपनी. १९११ मध्ये कपडे पिळायचे रोलर लावलेली वॉशिंग मशीन बनवण्यापासून तिची सुरुवात झाली. २००८ मध्ये ती अडचणीत होती, पण तोट्यात नव्हती. त्या वर्षी तिला सुमारे ४१ कोटी ८० लाख डॉलर नफा झाला. आदल्या वर्षी तो ६४ कोटी होता.

‘नफा आहे तरी माणसं काढतात’ हे वाचून चीड येते. मलाही येते. पण हिशेब समजून घेतल्याशिवाय चिडलं तर चीड चुकीच्या ठिकाणी जाते, म्हणून थोडं गणित करू.

कारखान्याचा काही खर्च प्रत्येक फ्रिजमागे होतो: पत्रा, कंप्रेसर, तांब्याची नळी. फ्रिज कमी बनवले की हा खर्चही कमी होतो. दुसरा खर्च कारखाना चालो न चालो, होतोच: जागा, मशीनवरचं कर्ज, देखभाल, ऑफिसातला स्टाफ. समजा, दोन कारखाने आहेत. प्रत्येकाची ताकद वर्षाला १० लाख फ्रिजची आणि प्रत्येकाचा हा दुसरा खर्च १०० कोटी रुपये. दोन्ही पूर्ण चालले की फ्रिजमागे १,००० रुपये पडतात. मंदीत दोन्ही निम्मेच चालले तर २०० कोटी भागिले १० लाख, म्हणजे फ्रिजमागे २,००० रुपये. आणि एकाला कायमचं कुलूप लावून, जागा-मशीन विकून सगळं काम दुसऱ्यात नेलं तर? पुन्हा १,०००.

फ्रिजच्या धंद्यात नगामागे सुटणारा पैसा आधीच बेताचा. तिथे हजार रुपयांचा फरक म्हणजे नफा आणि तोटा यांतलं अंतर. म्हणून मंदीत कंपनीच्या बैठकीत प्रश्न ‘किती माणसं काढायची’ इथून क्वचितच सुरू होतो. तो ‘कुठला कारखाना’ इथून सुरू होतो, माणसांचा आकडा त्यातून बाहेर पडतो.

व्हर्लपूलकडे कारखाने जरा जास्तच होते, त्यालाही कारण आहे. २००६ मध्ये तिने मेटॅग ही आपली जुनी प्रतिस्पर्धी कंपनी विकत घेतली. दोन कंपन्या एक झाल्या की वॉशिंग मशीनचे दोन-दोन कारखाने एकाच मालकाच्या पदरात येतात. आयोवा राज्यातल्या न्यूटनमध्ये १८९३ साली मेटॅग जन्मली होती. गावाची ओळखच ती कंपनी. तिथला कारखाना ऑक्टोबर २००७ मध्ये बंद झाला. अमेरिकेतली मंदी अधिकृतपणे सुरू झाली डिसेंबर २००७ मध्ये. म्हणजे न्यूटनच्या कामगारांची नोकरी मंदी येण्याच्या दोन महिने आधीच गेलेली होती.

मंदी संपल्यावर आलेली बातमी

इंडियाना राज्यात ओहायो नदीच्या काठी इव्हान्सव्हिल नावाचं शहर आहे. १९५० च्या दशकात ते स्वतःला जगाची फ्रिजची राजधानी म्हणवून घ्यायचं. तिथला व्हर्लपूलचा कारखाना दुसऱ्या महायुद्धात पी-४७ ही लढाऊ विमानं बनवायला उभा राहिला होता. युद्धानंतर विमानांच्या जागी फ्रिज आले. १९७३ च्या सुमारास, ऐन भरात, तिथे दहा हजारांच्या आसपास लोक काम करत होते. बाप, मुलगा, सून एकाच गेटमधून आत जाणारी घरं अशा गावात असतात. आपल्याकडे गिरणगावात होती तशीच.

२८ ऑगस्ट २००९ ला कामगारांना सांगण्यात आलं की कारखाना पुढच्या वर्षी बंद होणार आणि उत्पादन मेक्सिकोत जाणार. सुमारे १,१०० नोकऱ्या. आता तारखा जुळवून पाहा. त्या मंदीचा शेवट, अर्थतज्ज्ञांच्या अधिकृत समितीच्या हिशेबाने, जून २००९. कारखाना बंद होण्याची घोषणा त्याच्या दोन महिन्यांनंतरची. एक मात्र मान्य करायला हवं: मंदी संपली हे त्या वेळी कुणालाच ठाऊक नव्हतं, समितीने तसं जाहीर केलं २०१० च्या सप्टेंबरात. ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेतली बेरोजगारी दहा टक्क्यांवर होती. अर्थव्यवस्थेने वळण घेतलं तरी नोकऱ्या मागून, रखडत येतात. तरीही मेक्सिको हे काही मंदीवरचं औषध नव्हतं. खप परत आला तरी ते काम इव्हान्सव्हिलला परत येणार नव्हतं.

मेक्सिकोच का? फ्रिज म्हणजे आतून पोकळ पेटी. ती चीनमधून जहाजाने आणायची म्हणजे अर्ध्याहून जास्त हवाच वाहून आणायची. मोबाईल चीनमधून आणता येतो तसा मोठा फ्रिज आणणं परवडत नाही, तो बाजाराच्या जवळ बनवावा लागतो. अमेरिकेच्या बाजाराच्या जवळ, पण अमेरिकेपेक्षा कितीतरी कमी मजुरी, आणि १९९४ पासून अमेरिका, कॅनडा, मेक्सिको यांच्यातल्या नाफ्टा करारामुळे सीमेवर जकात नाही, अशी जागा एकच होती. इव्हान्सव्हिलमध्ये बनत होते वर फ्रीझर असलेले साधे फ्रिज, म्हणजे सगळ्यांत कमी नफ्याचे. त्यांचा नंबर आधी लागला. (पुण्याजवळ रांजणगावला व्हर्लपूल, एलजी, हायर या तिघांचे कारखाने उभे आहेत, त्यामागेही हे हवा वाहून आणण्याचं गणित आहेच.)

फेब्रुवारी २०१० मध्ये कामगारांनी मोर्चा काढला. अमेरिकेतल्या कामगार संघटनांच्या महासंघाचे अध्यक्ष रिचर्ड ट्रमका स्वतः आले होते. लोकांना जास्त झोंबलं होतं ते हे की मंदीतून सावरायला सरकारने जो निधी काढला, त्यातून स्मार्ट ग्रिडवर (म्हणजे माहितीची देवाणघेवाण करणाऱ्या वीजजाळ्यावर) चालणारी उपकरणं विकसित करायला याच कंपनीला १ कोटी ९३ लाख डॉलरचं अनुदान मंजूर झालं होतं. जूनमध्ये शेवटचा फ्रिज लाइनवरून उतरला.

पुढे २०११ च्या ऑक्टोबरमध्ये व्हर्लपूलकडून आणखी ५,००० नोकऱ्या कमी करण्याची घोषणा झाली. तिच्यात आर्कान्सा राज्यातल्या फोर्ट स्मिथचा कारखाना होता. तिथे २००६ मध्ये सुमारे ४,६०० लोक होते, जून २०१२ मध्ये कुलूप लागलं तेव्हा हजाराच्या आसपास. कारखाना गेला, पण तिथे १९८१ पर्यंत पत्रा साफ करायला वापरलेलं एक रसायन जमिनीत मुरून शेजारच्या वस्तीखालच्या भूजलात पोचलं होतं. ते मेक्सिकोला गेलं नाही.

म्हणून अशी बातमी वाचताना मी एक गोष्ट शोधतो: मशीन जागेवर आहे का? पाळ्या तीनवरून एकावर आल्या, माणसं घरी बसवली, पण प्रेस शॉपमधले डाय (पत्र्याला आकार देणारे साचे) आणि फोमिंगची (फ्रिजच्या भिंतीत फोम भरायची) लाइन तिथेच आहे, तर ती मंदीत गेलेली नोकरी आहे आणि ती परत येऊ शकते. अमेरिकेत युनियनच्या करारात अशा कामगाराला सेवाज्येष्ठतेने परत बोलावण्याचा हक्क असतो. डाय ट्रकवर चढले की मात्र हा हक्क कागदावरच राहतो. फोर्ट स्मिथची कित्येक माणसं कारखाना बंद व्हायच्या वेळी अशीच घरी बसून बोलावण्याची वाट पाहत होती.

खरीददार मिळाला नाही म्हणून

याच काळातली उलटी गोष्ट केंटकी राज्यातल्या लुईव्हिलची. जनरल इलेक्ट्रिकचं ‘अप्लायन्स पार्क’ तिथे आहे, इतकं मोठं की त्याला स्वतःचा पिनकोड आहे. १९७३ मध्ये तिथे २३,००० लोक होते. मे २००८ मध्ये कंपनीने सांगून टाकलं की हा उपकरणांचा धंदाच आम्हाला नको, विकून टाकतो. आणि मग बाजार कोसळला. कुणी घेणारं उरलं नाही. जो धंदा विकता येत नाही तो चालवावा लागतो. २०११ मध्ये पार्कात दोन हजारांहूनही कमी कामगार उरले होते, आणि त्याच सुमारास कंपनी तिथे पैसा घालत होती.

चीनमध्ये बनून येणारं एक वॉटर हीटर त्यांनी २०१२ मध्ये लुईव्हिलला आणलं. इंजिनिअर आणि लाइनवरचे कामगार एका खोलीत बसले आणि हीटर पहिल्यांदाच नीट उघडून पाहिला. आतल्या नळ्यांचा असा गुंता होता की जोडणाऱ्याचा जीव मेटाकुटीला यावा. चीनमधल्या कारखान्यात स्वस्त हात होते, त्यामुळे तो गुंता कुणाला खुपलाच नव्हता. रचना बदलली. एक हीटर जोडायला दहा तास लागायचे ते दोनवर आले, आणि दुकानातली किंमत १,५९९ डॉलरवरून १,२९९ वर. मजुरी महाग असलेल्या देशात बनूनसुद्धा.

यात लोकांना आवडेल असं बरंच आहे, पण सगळंच गोड नाही. नव्या कामगारांना तासाला साडेतेरा डॉलरच्या आसपास मिळत होते, जुन्यांना वीसच्या वर. एकाच लाइनवर, एकच स्क्रू आवळणाऱ्या दोघांचे पगार वेगळे. युनियनने २००५ मध्येच हे मान्य केलं होतं, नाहीतर काम गेलंच असतं. काही वर्षांनी त्या हीटरचं उत्पादनही थांबलं. २०१६ मध्ये हा सगळा धंदा चीनच्या हायरने विकत घेतला. याच हायरने २००७ मध्ये रांजणगावचा अँकर-देवूचा फ्रिजचा कारखाना घेतला होता. म्हणजे लुईव्हिल आणि रांजणगाव, दोन्ही एकाच मालकाच्या पदरात आले.

काढण्याऐवजी तास कमी

जर्मनीने २००९ मध्ये वेगळी वाट धरली. माणूस काढायचा नाही, तास कमी करायचे, आणि बुडालेल्या पगाराचा मोठा भाग सरकारी बेरोजगारी विम्यातून भरून द्यायचा. त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर तिथले जवळपास १५ लाख लोक असे कमी तासांवर होते. बेरोजगारी फारशी वाढली नाही आणि ऑर्डर परत आल्या तेव्हा शिकलेला कामगार जागेवर हजर होता.

पण ही युक्ती पहिल्या प्रकारच्या, म्हणजे मशीन जागेवर असलेल्या, नोकरीलाच वाचवते. न्यूर्नबर्गमधला एईजीचा वॉशिंग मशीनचा कारखाना स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सने २००७ मध्ये बंद करून काम पोलंडला नेलं. तेव्हा जर्मनीत मंदी नव्हतीच. सुमारे १,७०० कामगारांनी २००६ च्या थंडीत सहा आठवडे संप केला. कारखाना वाचला नाही, पण भरपाई ठरली ती नोकरीच्या दर वर्षामागे १.८ महिन्यांचा पगार. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्याकडे

आधी एका शब्दाचा घोळ. बातम्यांत ‘लेऑफ’ म्हणजे नोकरी गेली. आपल्या कामगार कायद्यात मात्र ले-ऑफ म्हणजे काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवणं. नाव हजेरीपटावर राहतं, आणि वर्षभर सेवा झालेल्या कामगाराला मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम मिळते. कायमचं कमी करणं ती कामगार कपात. तिथे एक महिन्याची नोटीस, आणि पूर्ण झालेल्या दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून. शेवटी लागलेला आधी जाणार, आणि पुन्हा भरती निघाली तर काढलेल्यांना आधी विचारायचं. ग्रॅच्युइटी या सगळ्याच्या वेगळी.

वीस वर्षं झालेल्या कामगाराचा हिशेब करा. आपल्याकडे तीनशे दिवसांचा, म्हणजे दहा महिन्यांचा पगार. न्यूर्नबर्गच्या दराने छत्तीस महिन्यांचा.

मोठ्या कारखान्याला कपात करण्याआधी किंवा टाळं लावण्याआधी सरकारची परवानगी लागते. ही तरतूद १९७६ मध्ये आली तेव्हा ३०० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यांना लागू होती. १९८४ पासून ती मर्यादा १०० वर आली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने ती पुन्हा ३०० केली. याच संहितेत कपात झालेल्याच्या नव्या प्रशिक्षणासाठी मालकाने १५ दिवसांचा पगार वेगळ्या निधीत भरायचा आहे.

कंपन्या या परवानगीच्या फंदात सहसा पडत नाहीत. त्या व्हीआरएस आणतात. नाव स्वेच्छानिवृत्ती. शेजारच्या टेबलावर बदलीचं पत्र तयार ठेवलेलं असलं की स्वेच्छा लवकर जागी होते. माणूस ‘हिशेब’ घेऊन बाहेर पडतो आणि कागदोपत्री कपात झालेलीच नसते.

पण खरी कात्री याच्याही आधी चाललेली असते. मंदीत पहिल्यांदा ओव्हरटाइम बंद होतो. मग ट्रेनी. मग कंत्राटी. मग टेम्पररी, ज्यांना २४० दिवस भरायच्या आत ‘ब्रेक’ दिला जातो, कारण २४० दिवस भरले की सलग वर्षाची सेवा धरली जाते आणि कायद्याचं कवच चढतं. परमनंट कामगारापर्यंत कात्री पोचेपर्यंत निम्मी लाइन बदललेली असते. अमेरिकेत पाच हजारांची घोषणा होते, शेअर बाजाराला कळवावी लागते. मोठ्या कारखान्याने माणसं काढायच्या आधी साठ दिवसांची नोटीस द्यावी असा तिथे १९८८ चा कायदा आहे. आपल्याकडे ठेकेदार संध्याकाळी मोबाईलवर सांगतो, “उद्यापासून दोन आठवडे येऊ नको, फोन करतो.” कंपनीच्या कागदांत तो माणूस कधी नव्हताच, मग कमी कसा होणार? त्यामुळे मंदीत आपल्या एमआयडीसींमधून किती लोक बाहेर गेले हे मोजायचं असेल, तर कंपन्यांच्या आकड्यांपेक्षा आसपासच्या खोल्यांवर ‘भाड्याने देणे आहे’च्या पाट्या किती लागल्यात ते पाहिलेलं बरं.

सगळ्याच बंद कारखान्यांचं खापर मंदीवर फोडू नये, हेही इथेच सांगायला हवं. छत्रपती संभाजीनगरजवळच्या चितेगावची व्हिडिओकॉन २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, आणि तिथलं दुखणं होतं कर्जाचं. कर्जाने बुडालेल्या कंपनीचा कामगार सर्वांत अडचणीत असतो, कारण भरपाई मागायची तर बँकांसोबत रांगेत उभं राहावं लागतं.

कुणाच्या घरात आत्ताच ठेकेदाराचा असा फोन आला असेल, तर एका गोष्टीची चौकशी जरूर करा. पगारातून ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा हप्ता, कापला जात होता का? कंत्राटी माणसाचाही तो कापला जायला हवा. त्यासाठी पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपये आहे. कापला जात असेल तर ईएसआय महामंडळाच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत नोकरी गेल्यावर सरासरी रोजाच्या निम्मी रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस मिळू शकते, आयुष्यात एकदा. किमान दोन वर्षं विमा असण्याची अट आहे, आणि योजनेची मुदत सरकार वेळोवेळी वाढवत आलंय, तेव्हा जवळच्या शाखेत आधी विचारून घ्या. जाताना ईएसआयचं कार्ड, आधार, बँक पासबुक आणि असतील तेवढ्या पगाराच्या पावत्या घेऊन जा. पावत्या ठेकेदार देत नसेल, तर बँक खात्यात पगार जमा झाल्याच्या नोंदींची प्रिंट काढून ठेवा. ‘ब्रेक’ कधीपासून कधीपर्यंत होता, हेही त्यात महिन्यानिशी दिसतं.